घरचा माल ऑनलाइन विकताना कुठं अडलात? खान्देशकरांनो, लिहा

जळगाव

राम राम मंडळी. आपल्याकडे आता गल्लीगल्लीत कोणी ना कोणी पापड, मसाला, वेफर्स, ड्रेस मोबाईलवरून विकतंय, पण नवीन बाई विचारायला आली की तिला नीट सांगणारं कोणी भेटत नाही. म्हणून म्हटलं आपणच लिहू. किती कमावले ते नका सांगू, कुठं अडलात आणि मग काय केलं ते सांगा.

माझ्यापासून सुरू करते. 2020 चा लॉकडाऊन, मिस्टरांचं काम बंद, आणि सासूबाईंनी दरवर्षीसारखे गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घातलेले, ज्वारी भिजवून, कांडून, तीळ-लसूण-जिरं सगळं. पुण्याच्या नणंदेनं फोटो स्टेटसला टाकला आणि तिच्या सोसायटीतल्या नऊ जणींनी मागितले. मी खूश. बिबडे चांगले ताटाएवढे, म्हणून 40 बाय 30 बाय 30 सेंटीमीटरचं खोकं घेतलं, वजन भरलं अडीच किलो, आणि कुरिअरवाल्यानं पैसे लावले सात किलोचे! मी भांडायला उठले तर त्यानं कॅल्क्युलेटर पुढे केला. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले 5000, म्हणजे 7.2 किलो. खरं वजन आणि हे वजन, दोन्हीत जे जास्त त्याचे पैसे. वर अर्धे बिबडे तिकडे पोचले ते चुरा होऊन. त्या नऊ ऑर्डरमधे हातात काहीच राहिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी सासूबाईंना म्हटलं बिबडा लहान घालू. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, पाहुण्याच्या पानात एवढुसा बिबडा वाढायचा का म्हणे. पण बशीएवढा बिबडा 20 बाय 20 बाय 25 च्या खोक्यात बसतो, भागाकार येतो 2 किलो, म्हणजे खऱ्या वजनाचेच पैसे लागतात, आणि तुटतही नाही. आता घरच्यांसाठी मोठे, गिऱ्हाइकांसाठी लहान.

रावेर तालुका

ताई, वेफर्सचं पण तेच, पाकीट फुगलेलं आणि आत सगळी हवा. आमची केळीची बाग आहे, भाव पडला की घड कापायची मजुरी पण निघत नाही, त्यातून बायकोनं वेफर्स सुरू केले. पहिला पावसाळा लागला आणि माल सादळला, मुंबईहून एकीनं फोटो पाठवला, खूप वाईट वाटलं. साध्या प्लास्टिक पिशवीचा दोष होता, नंतर आतून चांदीसारखी असते ती जाड पाउच घेतली आणि हातानं दाबायचं सीलिंग मशीन, आणि मुख्य म्हणजे वेफर्स पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचेच नाहीत. 2021 ला फूड लायसनसाठी एका एजंटनं अडीच हजार मागितले, भाच्यानं मोबाईलवरच फॉर्म भरला, 12 लाखांच्या आत उलाढाल असेल तर साधी नोंदणी चालायची आणि फी तेव्हा वर्षाला 100 रुपये. 14 आकडी नंबर येतो, तो पाकिटावर छापायचा, सोबत बनवल्याची तारीख, वजन, किंमत आणि हिरवा ठिपका. नंबर छापल्यापासून अनोळखी गिऱ्हाईक कमी प्रश्न विचारतं हे मी स्वतः पाहिलंय.

नंदुरबार

आमची मिरची. खूप लोक विचारतात रील कशी चालवली, तर मी काही चालवली नाही, पथारीवर लाल मिरची वाळत होती, सकाळचं ऊन होतं, आई खालची मिरची वर करत होती तेवढंच घेतलं, गाणं पण नाही, नुसता मिरचीचा आवाज. आठवडाभर फोन थांबेना. आमच्याकडे होती 80 किलो आणि मागणी त्याच्या कितीतरी वर. बाहेरून घेऊन आमच्या नावानं देता आली असती, नाही दिली, सगळ्यांना लिहिलं की पुढच्या वर्षी, नाव लिहून ठेवतो. त्यातले निम्मे तरी पुढच्या वर्षी परत आले.

एक सावध करतो. एकजण म्हणाला 20 किलो पाहिजे, पैसे पाठवतो, कोड स्कॅन करा आणि पिन टाका. मी टाकणारच होतो, मागून आजोबा म्हणाले, "पैसा हातमा येवाशिवाय काही करू नको." पैसे घ्यायला पिन लागतच नाही मंडळी. पिन टाकला की आपले जातात.

धुळे

लहान मुलींचे फ्रॉक शिवते. एका मोठ्या साइटवर माल लावला, माल घरी आल्यावर पैसे देणारी गिऱ्हाइकं जास्त. कोणी दारच उघडत नाही, कोणी नको म्हणून परत पाठवतं, फ्रॉक पंधरा दिवसांनी चुरगळून परत. आता आधी पैसे, मगच कात्री. ऑर्डरी कमी झाल्या पण झोप लागते.

अमळनेर

आम्ही कानबाईचा, म्हणजे आपल्या खान्देशच्या देवीचा, साज करतो, नथ, गळ्यातलं, मुकुट. सुरतला आपली माणसं केवढी आहेत, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते, त्यामुळे आषाढातच मेसेज जायला हवा. पहिल्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर एकदम सगळ्यांना मेसेज जातो त्या ब्रॉडकास्ट लिस्टमधे 200 नंबर टाकले आणि वीस जणांना पण मेसेज पोचला नाही. कारण ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो जातो. आता पार्सलमधे चिठ्ठी असते, "नंबर सेव्ह करा, पुढच्या वर्षीच्या डिझाइन आधी तुम्हाला दिसतील."

नवापूर

वरच्या ताईंना सांगतो, सुरतला माल जातो म्हणजे राज्याबाहेर जातो. 1 ऑक्टोबर 2023 पासून लहान विक्रेत्याला जीएसटी नंबर नसतानाही साइटवर विकता येतं, पण फक्त आपल्या राज्यात. मी तूरडाळ विकतो. आमचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत, म्हणून हे मला लवकर कळलं. सीएला एकदा विचाराच.

पुणे, मूळ चोपडा

मी विकत घेणारी आहे, चालेल ना? कळण्याचं पीठ मागवते. ज्वारीत उडीद किती घातलाय, मीठ घातलंय का, कधी दळलंय, एवढं लिहा हो. नुसतं "प्युअर, होममेड" लिहून काय कळणार? मी ज्या मावशींकडून घेते त्या दळायला नेताना मेसेज करतात, "उद्या दळते, कोणाला पाहिजे?" मी लगेच पैसे पाठवते.

जळगाव

वा, हे दळायच्या आधी विचारायचं फारच आवडलं, मी उद्यापासून उडीद पापडाला तसंच करते. रावेरच्या दादा, ती चांदीसारखी पाउच किती मायक्रॉन जाडीची घेता, आणि शंभरच मागितली तर कोणी देतं का? मला दुकानदार हजाराच्या खाली द्यायलाच तयार नाही. पाचोऱ्याच्या एक ताई पण शोधताहेत, कोणाला पाचशे हवी असतील तर सांगा, मिळून घेऊ.