उलव्यातील घराचे बांधकाम दूर राहून कसे पाहावे? सल्ला हवा

नागपूरकर_सध्यापुरता

नमस्कार. नवी मुंबईसाठी गेलेल्या आजोबांच्या जमिनीपोटी सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या उलव्यातील 100 चौरस मीटरच्या भूखंडावर आम्ही तळमजला अधिक दोन मजले असे घर बांधत आहोत. आईबाबा खारघरला भाड्याच्या घरात राहतात आणि मी नोकरीमुळे नागपूरला असल्याने महिन्यातून एखादीच खेप होते. जोत्याची तपासणी झाली आहे, तळमजल्याचे कॉलम उभे आहेत आणि साधारण तीन आठवड्यांनी पहिला स्लॅब भरायचा आहे.

ठेकेदार रोज संध्याकाळी न चुकता फोटो पाठवतो. फोटोत काम पुढे गेलेले दिसते, पण ते कसे झाले आहे हे मला कळत नाही. मागच्या खेपेला ज्या कॉलमचा फोटो पाहून मी खूश झालो होतो, त्याच्या तळाशी नखाने खरवडल्यावर सिमेंटचा पातळ हात निघून आला आणि आत खडी उघडी दिसली. ठेकेदार म्हणाला, "प्लास्टरमध्ये सगळे झाकले जाईल." मला नेमकी त्याचीच भीती वाटते.

बाबा 68 वर्षांचे आहेत आणि रोज साइटवर जातात, परंतु मुकादम त्यांना "काका, तुम्ही सावलीत बसा" म्हणून खुर्ची देतो आणि विषय संपतो. कोणत्या टप्प्यावर काय पाहावे, देखरेखीसाठी कोणाला नेमावे आणि पैसे कसे सोडावेत, याविषयी अनुभवींनी कृपया मार्गदर्शन करावे.

कोपरीची_सून

आम्ही ठाण्याच्या जुन्या घराच्या जागी नवे बांधताना खांबावर सिमकार्डाचा कॅमेरा लावला होता. सळई आणि सिमेंटच्या गोण्या रात्री कुठे जात नाहीत ना, एवढ्यापुरता त्याचा चांगला उपयोग झाला. स्लॅबमध्ये दोन सळयांत किती अंतर आहे, हे मात्र कोणताही कॅमेरा सांगत नाही, त्यामुळे त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

निवृत्त_स्थापत्य_अभियंता

आपल्या ठेकेदाराने नकळत नेमका मुद्दा सांगितला आहे. घराच्या बांधकामात जे झाकले जाते तेच महत्त्वाचे असते, म्हणून प्रगती पाहायची ती काम झाल्यावर नव्हे, तर ते झाकले जाण्याच्या आदल्या दिवशी पाहायची. महिन्याची खेप शनिवार-रविवार पाहून न ठरवता या दिवसांना धरून ठरवा.

आधी त्या कॉलमबद्दल लिहितो. साइटवर ज्याला हनीकोम्ब म्हणतात, तो काँक्रीट पोकळ राहण्याचा प्रकार बहुधा काँक्रीट दाबून बसवणारा वायब्रेटर तळापर्यंत न पोहोचल्याने किंवा शटरिंगच्या, म्हणजे साच्याच्या फळ्यांच्या, फटीतून सिमेंटचे पाणी गळून गेल्याने होतो. खडी किती खोलवर सैल आहे आणि सळई उघडी पडली आहे का, हे आपल्या स्ट्रक्चरल डिझायनरनेच येऊन पाहिले पाहिजे. सैल भाग फोडून त्याने लेखी दिलेल्या पद्धतीने दुरुस्ती झाल्याखेरीज त्या कॉलमवर स्लॅबचा भार देऊ नका. वरून हात फिरवणे ही दुरुस्ती नव्हे.

आता स्लॅब. भरण्याच्या आदल्या दिवशी, सळई बांधून झाल्यावर, नकाशा हातात घेऊन सळईचा व्यास, अंतर आणि आधारावरची वरची सळई तपासावी. ही वरची सळई कामगारांच्या पायांखाली दबून खाली जाते आणि मग गॅलरीसारख्या बाहेर काढलेल्या भागात ती असून नसल्यासारखी होते, म्हणून तिच्याखाली पुरेशा खुर्च्या, म्हणजे तिला उचलून धरणारे सळईचे आधार, आहेत की नाहीत हे वाकून पाहावे. सळई फळीपासून वर धरणाऱ्या कव्हर ब्लॉकच्या जागी खडीचे किंवा फरशीचे तुकडे सरकवलेले दिसले तर काम थांबवावे. उलव्यासारख्या खाडीलगतच्या भागात कव्हरकडे, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या जाडीकडे, दुर्लक्ष परवडत नाही. काँक्रीटच्या आयएस 456 या भारतीय मानकात मध्यम परिस्थितीसाठी किमान एम 25 दर्जाचे काँक्रीट व 30 मिलिमीटर कव्हर, तर किनारपट्टीच्या हवेला उघड्या असलेल्या कामासाठी एम 30 व 45 मिलिमीटर सांगितले आहे. आपल्या नकाशावर कोणती परिस्थिती धरली आहे ते डिझायनरला आजच विचारा. पुष्कळ ठिकाणी जुन्या सवयीने 20 मिलिमीटर लिहिलेले असते आणि दहा-पंधरा पावसाळ्यांनी सळई गंजून छताचे पोपडे पडू लागले की सगळे रंगाऱ्याला दोष देतात.

विजेचे पाइप आणि पंख्यांचे डबेही त्याच दिवशी तपासून घ्यावेत.

भरण्याच्या दिवशी रेडीमिक्स, म्हणजे कारखान्यात कालवून गाडीतून येणारे काँक्रीट, मागवणार असाल तर प्रत्येक गाडीचे चलन (मालाची पावती) बाबांच्या हातात आले पाहिजे. त्यावर काँक्रीटचा दर्जा आणि माल भरल्याची वेळ असते, आणि रेडीमिक्सच्या आयएस 4926 या मानकाप्रमाणे भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. पामबीच किंवा सायन-पनवेल रस्त्यावर गाडी अडकल्यावर माल घट्ट होतो आणि मग कोणीतरी हळूच पाइप लावून ड्रममध्ये पाणी सोडतो. ते पाणी मी आयुष्यभर थांबवत आलो आहे. आपला स्लॅब बीमसह बारा घनमीटरच्या आसपास असावा. तेवढ्यासाठी मानकाप्रमाणे दोन नमुने लागतात आणि प्रत्येक नमुन्याचे तीन ठोकळे 28 दिवसांनी प्रयोगशाळेत फोडून पाहायचे असतात. सात दिवसांचा अंदाज हवा असल्यास आणखी तीन ठोकळे भरावेत. ठोकळे गाडीतून पडणाऱ्या मालाचेच भरावेत आणि ओले असतानाच त्यांवर तारीख कोरावी. ठेकेदाराने "आमच्याकडे तयार ठोकळे आहेत" असे म्हटल्यास फक्त हसावे.

बाबांना सावलीतून उठवण्याचा उपायही सांगतो. करारात एक ओळ घाला, की पोअर कार्डावर (काँक्रीट भरण्यापूर्वीच्या तपासणीच्या कागदावर) देखरेख करणारा अभियंता आणि मालक या दोघांची सही झाल्याशिवाय काँक्रीट मागवता येणार नाही. मालकाच्या वतीने बाबांची सही असू द्या. सहीचा अधिकार आला की मुकादम स्वतः खुर्ची उचलून सळईपाशी आणून ठेवतो.

घणसोलीकर

काकांनी सगळे सांगितले आहे, मी एक भर घालतो. आमच्याकडे वाडवडिलांपासून एकवीस दिवसांशिवाय स्लॅबखालचे टेके काढत नाहीत. आमच्या ठेकेदाराने पाचव्या दिवशीच सेंट्रिंग खोलायला माणसे पाठवली होती, कारण फळ्या आणि टेके भाड्याचे असतात आणि त्यांचे मीटर रोज पळत असते. माझ्या आईने जिन्यात बसून त्यांना परत पाठवले. आपणही एकवीस दिवस धरून चालावे, उगाच धोका नको.

निवृत्त_स्थापत्य_अभियंता

आपल्या मातोश्रींचे कौतुक वाटते. मात्र सरसकट एकवीस दिवसांचा आग्रह धरल्यास ठेकेदार त्याचे पैसे दुसरीकडून काढतो, म्हणून नेमके आकडे लिहितो. साध्या सिमेंटसाठी आणि पाणी नीट मारलेले असल्यास, 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेके सात दिवसांनी आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांनी निघतात. बीमखालचे टेके सहा मीटरपर्यंत चौदा दिवस आणि त्यापुढे एकवीस दिवस ठेवायचे असतात. फ्लाय ॲश (कोळशाची राख) असलेल्या मिश्र सिमेंटला जोर यायला वेळ लागतो, तिथे डिझायनर सांगेल तेवढे दिवस वाढवावेत. गॅलरीचे टेके सर्वांत शेवटी, तेही टोकाकडून आधाराकडे काढावेत. वरच्या मजल्याचे सेंट्रिंग याच स्लॅबवर उभे राहणार असल्याने खालचे काही टेके तोपर्यंत राहू देणे शहाणपणाचे ठरते.

पाण्याबाबत सांगायचे तर, स्लॅबवर आळी बांधून साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान दहा, शक्य असल्यास चौदा दिवस पाणी साठवून ठेवावे. कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओले राखावे. बोअरचे पाणी वापरणार असाल तर आधी तपासून घ्या, कारण सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही आणि खाडीकाठी हा आकडा सहज ओलांडला जाऊ शकतो.

ऐरोलीची_वकील

पैशांविषयी थोडे लिहिते. अनेकांना वाटते की महारेरा, म्हणजे राज्याचे स्थावर संपदा प्राधिकरण, आपल्याही पाठीशी आहे. त्यामागचा रेरा कायदा विक्रीसाठी बांधलेल्या प्रकल्पांना लागू होतो आणि त्यातही 500 चौरस मीटरपर्यंतच्या किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे. बिल्डरकडून घर घेणाऱ्याला ताब्यानंतर पाच वर्षे दोषदुरुस्तीची हमी त्या कायद्याने मिळते, पण स्वतःच्या भूखंडावर ठेकेदाराकडून बांधून घेणाऱ्याला ती आपोआप मिळत नाही. ती आपल्यालाच करारात लिहून घ्यावी लागते. हप्ते महिन्यांवर न बांधता टप्प्यांवर बांधावेत, "स्लॅब झाला" असे न लिहिता "28 दिवसांचा ठोकळ्यांचा अहवाल समाधानकारक आला" असे लिहावे आणि प्रत्येक बिलातून ठरावीक टक्के रक्कम राखून ठेवून ती भोगवटा प्रमाणपत्रानंतर एक पावसाळा सरल्यावर द्यावी. आपला करार आधीच झाला असेल तर पुरवणी करार करता येतो. पुढचा हप्ता देण्यापूर्वीची वेळ त्यासाठी सर्वांत सोयीची असते.

देखरेखीसाठी अभियंता नेमाल तो ठेकेदाराने सुचवलेला नसावा, एवढे पाहा.

नागपूरकर_सध्यापुरता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आठवडाभरात जे झाले ते कळवतो. डिझायनरने येऊन कॉलम पाहिला. सळई उघडी नव्हती, परंतु तळाचा जवळजवळ वीतभर भाग फोडून पुन्हा भरण्यास त्यांनी लेखी सांगितले आणि तो खर्च ठेकेदाराने कुरकुरत मान्य केला. कव्हरची शंका खरी निघाली. नकाशावर स्लॅबसाठी 20 मिलिमीटरच लिहिलेले होते. त्यांनी परिस्थितीचा पुन्हा विचार करून ते आणि काँक्रीटचा दर्जा दोन्ही वाढवून सुधारित नकाशा दिला. पनवेलच्या एका अभियंत्याला भेटीगणिक मानधनावर नेमले असून पुरवणी करारावर सह्या झाल्या आहेत.

बाबांनी शंभर पानी वही घातली आहे. तिच्यात तारीख, आलेल्या गोण्या, कामगारांची हजेरी आणि पाणी मारल्याच्या वेळा अशी खाती पाडली आहेत. रोज रात्री आई त्या पानाचा फोटो पाठवते आणि खरे सांगायचे तर ठेकेदाराच्या दहा फोटोंपेक्षा मला त्यातून अधिक कळते. काल "दुपारी पाणी नाही, टँकर आला नाही" असे लिहिले होते, म्हणून लगेच फोन करता आला.

एकच शंका उरली आहे. सळई वजनावर घेताना बाबांना जागेवर पडताळणी कशी करता येईल?

निवृत्त_स्थापत्य_अभियंता

व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग करून 162 ने भागले की एका मीटरचे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. 12 मिलिमीटरच्या सळईचे ते 0.89 किलो येते, म्हणजे बारा मीटरची अखंड सळई सुमारे 10.7 किलोची भरते. 8 मिलिमीटरची तेवढीच सळई 4.7 किलोच्या आसपास असावी. थोडाफार फरक मानकाला मान्य आहे. गाडी उतरवताना नगांची संख्या मोजून या वजनाने गुणावी आणि काट्याच्या पावतीशी ताडून पाहावी. बाबांच्या वहीत त्यासाठी आणखी एक खाते पाडायला सांगा.