मदत हवी आहे: मिग-२१ एफएलचे रॉकेट पॉड (१/७२) आणि पावसात दुधाळ होणारा चंदेरी रंग

खाजणकाठ (रत्नागिरी):
नमस्कार मंडळी. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटं सोडणाऱ्या मिग-२१ एफएलचं मॉडेल चालू आहे. तीन अडचणी.
किटमधल्या १६ नळ्यांच्या पॉडला (रॉकेटं ठेवायचं, पंखाखाली टांगलेलं नळकांडं) तोंडाशी नुसते खळगे आहेत. रॉकेटचा व्यास ५७ मिमी, मॉडेल मूळच्या १/७२ आकाराचं; ५७ भागिले ७२ म्हणजे ०.७९, म्हणून ड्रिलचं ०.८ मिमीचं बिट घेतलं. पाचव्या भोकाला भिंत फुटली, दोन भोकांचं एक झालं. पॉडच्या तोंडाचा व्यास साडेचार मिमी.
लॅकरचा चंदेरी रंग मारला की तासाभरात दुधाळ.
शिवाय पॉड दोन की चार? डब्यावर चार दाखवलेत.

सुकाणू:
डब्यावरचं चित्र बिसचं (मिग-२१ ची नंतरची आवृत्ती) असणार. एफएलला प्रत्येक पंखाखाली एकच पायलन (शस्त्रं टांगायचा आधार), म्हणून पॉड दोनच, रॉकेटं ३२. आणि पंखाखाली पॉड आले की के-१३ क्षेपणास्त्रांना जागाच नाही. ती खोक्यातच राहू द्या. एफएलमध्ये अंगची तोफ नव्हती. तोफ हवी तर पोटाखाली वेगळा पॉड लागे. म्हणून जमिनीवरच्या लक्ष्यासाठी रॉकेटांवर एवढा भर.

पिनव्हाइस:
हिशेब बरोबर, पण प्लास्टिकला तो झेपत नाही. बाहेरच्या कड्यात १२ भोकं धरली तर ०.८ ला मधे जेमतेम ०.१ मिमी भिंत उरते. ०.६ चं बिट घ्या, आधी सुईने खूण करा.
त्याहून चांगलं म्हणजे इंजेक्शनच्या सुया. २२ गेजचा (गेज म्हणजे सुईच्या जाडीचं माप) बाहेरचा व्यास साधारण ०.७ मिमी, भिंत पातळ, आणि स्टेनलेस असल्याने खाऱ्या हवेत पितळेसारखी हिरवी पडत नाही. पॉडचं तोंड ४ मिमी बिटाने ५ मिमी खोल पोखरा, कड पातळ ठेवा. सुया पक्कडीने तोडू नका, तोंड चपटं होतं. कटिंग डिस्कने कापा, चष्मा लावून. तुकडा सुटला की गोळीसारखा जातो. भोकांची मांडणी पॉडच्या उपप्रकारानुसार बदलते, ती फोटोवरूनच ठरवा.
सुपरग्लू पातळ नको, नळीत चढून भोक बुजतं. जाड घ्या, सुयांच्या मागच्या टोकाला लावा. पॉडची मागची बाजूही कोरा, तिथून रॉकेटची ज्वाळा बाहेर पडते. बरेच जण हे विसरतात आणि मग पॉड बॉम्बसारखा दिसतो.

सुकाणू:
रंगाबद्दल: थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतला दमटपणा त्यावर बसतो. जुलैत आपल्याकडे हे होणारच. थिनरमध्ये १० टक्क्यांपर्यंत रिटार्डर (रंग सावकाश वाळू देणारं द्रावण) घाला, थर पातळ द्या. मॉडेल आधी बल्बच्या पेटीत कोमट करा, पण फवारताना बल्ब बंद. वाफ पेट घेते. कंप्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा ट्रॅप आहे ना? नसेल तर आधी तो बसवा, रंगाला दोष नंतर. आत्ता दुधाळ झालेल्यावर नुसत्या रिटार्डरचा हलका हात फिरवून बघा, थर ताजा असेल तर बहुतेक वेळा उतरतं.

खाजणकाठ:
ट्रॅप नाहीच आहे! आणि मेडिकलात २२ गेज ओळखायची कशी?

पिनव्हाइस:
काळ्या बुडाची. हिरवं बूड म्हणजे २१, ती जाड. तसल्या सोळा सुया बसवताना नाकी नऊ येतील.