जावा: कांदा लिलावाच्या प्रोजेक्टमध्ये क्लास कुठे फोडायचे?

द्राक्षमळा
नाशिकला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट बाजार समितीतल्या लिलावाचा, लासलगावच्या धर्तीवर. शेतमाल, त्याखाली कांदा, त्याखाली लालकांदा आणि उन्हाळकांदा असं इन्हेरिटन्स (एका क्लासवरून दुसरा क्लास बनवणं) केलंय. बाकी सगळं लिलावमॅनेजर या एकाच क्लासमध्ये, तो ९०० ओळींवर गेलाय. हमालीचा दर बदलला की पाच ठिकाणी हात घालावा लागतो. क्लास कुठे फोडू?

गोदाकाठ
आधी ते दोन सबक्लास काढ. लाल आणि उन्हाळ, दोन्हींची बोली क्विंटलवर, हिशोबही एकाच सूत्राने. एकही मेथड ओव्हरराइड होत नसेल, म्हणजे सबक्लासमध्ये वेगळी लिहावी लागत नसेल, तर 'प्रकार' नावाचा एनम (ठरावीक पर्यायांची यादी) पुरतो. उद्या गोल्टी (बारीक कांदा) आणि मोठा माल वेगळा धरायचा म्हटलं की लालगोल्टी, उन्हाळगोल्टी असे क्लास वाढतच जातील.

काटापट्टी
मॅनेजर फोडताना प्रत्येक नियम कोणाच्या माहितीवर चालतो ते बघ. भरलेली ट्रॉली ४३६० किलो, रिकामी १९०० किलो. निव्वळ २४६० किलो हे वजनपावती या क्लासनेच काढावं. रिकामं वजन भरलेल्यापेक्षा जास्त टाकलं तर कन्स्ट्रक्टरनेच (ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या कोडनेच) अडवावं, म्हणजे चुकीची पावती तयारच होणार नाही. पुढे हिशोबपट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाचा क्लास: २४.६० क्विंटल, दर १८५०, झाले ४५,५१० रुपये. त्यातून कपाती. 'कपात' हा इंटरफेस (क्लासने कोणत्या मेथड द्यायच्या याचा करार) कर, त्यात रक्कम काढणारी एकच मेथड. तुझ्या नियमांप्रमाणे हमाली, तोलाई (वजन करण्याची मजुरी) हे त्याचे क्लास. पट्टीकडे फक्त कपातींची यादी राहील. हमाली बदलली की एकच फाइल उघडायची.

एका दमात सगळं फोडू नकोस. आधी ही ४५,५१० ची पट्टी टेस्टमध्ये पक्की कर, मग एकेक कपात बाहेर काढ आणि दर वेळी टेस्ट चालव.

द्राक्षमळा
बोल्यांची लिस्ट प्रायव्हेट आहे, तरी बंद झालेल्या लिलावात बोली घुसते. असं का?

गोदाकाठ
तुझा गेटर (आतली माहिती बाहेर देणारी मेथड) तीच लिस्ट बाहेर देतोय, मग तिच्यात कोणीही भर घालू शकतो. लिस्ट.कॉपीऑफ वापर, ते न बदलता येणारी प्रत देतं, जावा १० पासून आहे. त्याहून बरं म्हणजे गेटरच काढ आणि बोलीनोंदव(), सर्वोच्चबोली() एवढंच ठेव. लिलाव बंद असेल तर बोलीनोंदव() ने एक्सेप्शन (चूक कळवून काम थांबवणारी सूचना) फेकावं. दराला सेटर (बाहेरून किंमत बदलणारी मेथड) तर देऊच नकोस.

काटापट्टी
आणि रक्कम डबल या दशांश संख्यांच्या प्रकारात ठेवली असशील तर बदल. त्यात ०.१ अधिक ०.२ बरोब्बर ०.३ येत नाही. रुपयांऐवजी पैशांत मोजून लाँग (पूर्णांकाचा प्रकार) वापर किंवा अचूक दशांश ठेवणारा बिगडेसिमल घे. बिगडेसिमल स्ट्रिंगवरून (अक्षरांत लिहिलेल्या आकड्यावरून) बनव, डबलवरून बनवलास तर तीच चूक आत येते.