दोन म्हशी, सरासरी फॅट सेम ७.०. विकायची कुठली?

म्हैसवाला_करवीर
मंडळी, दावणीला चंद्री आणि राणी अशा दोन म्हशी हायत. वैरण पुरेना, एक विकावी म्हणतोय. गेला आठवडाभर दोघींचं सकाळचं दूध वेगवेगळ्या किटलीतनं दूध संस्थेत घातलं, सचिवांची बोलणी खाल्ली आणि पावत्या जपून ठेवल्या. लागलेली फॅट, म्हंजे दुधातल्या स्निग्धांशाचे टक्के, अशी:

चंद्री: ६.८, ७.०, ७.१, ६.९, ७.२, ७.०, ७.०
राणी: ७.६, ७.५, ७.७, ४.४, ७.५, ७.६, ६.७

बेरीज दोघींची ४९. सातानं भागलं की ७.०. थोरली बी.कॉम.ला हाय. तिनं प्रमाण विचलन, म्हंजे आकडे सरासरीपासनं साधारण किती लांब पसरल्यात ते, काढलं, चंद्रीचं ०.१२ आणि राणीचं १.११. म्हणत्या, "आबा, राणीचा भरवसा न्हाई, तीच विका." वर एक्सेल राणीचं १.१९ दाखवतंय! हिशोब कुणाचा बरोबर? मला तर राणीच उजवी वाटत्या. धारेला बसलं की फेसावरनं कळतं.

शिकवणी_राजारामपुरी
दोघांचाही बरोबर. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज भागून वर्गमूळ काढलं की हे विचलन मिळतं. मुलीनं ती बेरीज ७ नं भागलीय, एक्सेलनं ६ नं. सरासरी त्याच सात आकड्यांतून निघालेली, त्यामुळे ती त्यांना जरा धरूनच असते आणि फरक आहेत त्यापेक्षा कमी दिसतात. ती तूट भरायला एकानं कमी भागायचं. सात पावत्या म्हणजे राणीचं सगळं दूध नव्हे, नमुना. तुमच्या कामाचा आकडा १.१९.

आता गंमत बघा. सरासरीपासूनचे फरक नुसते मिळवले तर शून्यच येतं, म्हणून त्यांचे वर्ग घेतात. राणीच्या वर्गांची बेरीज ८.५६. त्यातले ६.७६ एकट्या ४.४ चे! आकडे चढत्या क्रमानं लावून मधला, चौथा, उचला. हा मध्यक. चंद्रीचा ७.०, राणीचा ७.५. त्या ४.४ च्या दिवशी झालं काय होतं?

म्हैसवाला_करवीर
अर्धी धार झाली होती. फोन आला म्हणून उठलो, तेवढ्यात रेडकानं दावं तोडलं आणि उरलेलं सगळं ओढलं की वो! शेवटचं घट्ट दूध त्याच्या पोटात, आधीचं पातळ संस्थेत. एरवी ४ लिटर असतं, त्या दिवशी २ च.

गंगावेस_कट्टा
मग दिवसांनी कशाला भागताय भावा? बिल लिटरवर निघतं. बाकी सहा दिवसांच्या फॅटची बेरीज ४४.६, तिला ४ नं गुणा. त्यात ४.४ गुणिले २ मिळवा. एकूण २६ लिटरनं भागा. ७.२ येतंय. याला भारित सरासरी म्हणतात. राणी पुढंच हाय.

आकडेमोड_ताई
४.४ गाळलाच तर सरासरी ७.४३ आणि विचलन ०.३७. पण दादा, गाळायची घाई नको. ४.४ ला रेडकू सापडलं, ६.७ ला काय सापडलं? न आवडणारा आकडा गाळत गेलं की कुठलीही म्हैस देखणी दिसते. सात पावत्यांवर म्हैस विकू नका. महिनाभराच्या ठेवा, संध्याकाळच्याही.

म्हैसवाला_करवीर
६.७ ला कारण न्हाई सापडलं. पेंड तीच, पाणी तेच. महिनाभर थांबतो. पोरीला मध्यक दाखवला, जरा तोऱ्यातच. ती म्हणाली, "आबा, चंद्रीजवळ रेडकूच न्हाई. मग हा फरक म्हशीचा का रेडकाचा?" हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आज बाजारातनं जाड दावं आणलंय. फोन घरात ठेवून धारेला बसतो.