‘नेपथ्य गायनी’ आणि साडेपाच कट्टै

प्रश्न : गायिका वाणी जयराम यांच्यावरच्या तेलुगू मजकुराचा मराठी अनुवाद सुरू आहे. त्यांचा उल्लेख सगळीकडे ‘नेपथ्य गायनी’ असा येतो. म्हणजे त्या नाटकांतही गात होत्या का? पुढे ‘श्रुति’ आणि ‘साडेपाच कट्टै’ हेही आहे. ‘श्रुती’ तशीच ठेवू का? (पुढचे आकडे उत्तर देणाऱ्यांचे आहेत.)

१. नेपथ्य गायनी म्हणजे आपली पार्श्वगायिका. मराठीत नेपथ्य म्हटलं की रंगमंचावरचे खांब, दारं-खिडक्या. संस्कृत नाटकात मात्र ‘नेपथ्ये’ ही सूचना आली की आवाज पडद्याआडून येतो. तेलुगूने तो अर्थ धरून ठेवला. तमिळमध्ये ‘पिन्नणि पाडगि’ (पिन् म्हणजे मागे), कन्नडात ‘हिन्नेले गायकि’. खरं तर अडचणीत आपणच आहोत : संस्कृतात पार्श्व म्हणजे कूस, बाजू, पर्शु म्हणजे बरगडी, त्यावरून. मराठीत ती बाजू सरकत पाठीमागे गेली, आणि ‘पार्श्वभाग’ म्हटल्यावर तर कुठे पोचली ते सांगायला नको.

नाटकाचं म्हणाल तर एक दुवा खरा आहे. ‘देव दीनाघरी धावला’मधलं ‘ऋणानुबंधाच्या’ त्यांनी कुमार गंधर्वांबरोबर गायलं; संगीत वसंत देसाईंचं. पण ‘नेपथ्य’चा त्याच्याशी संबंध नाही.

२. श्रुती तशीच ठेवू नका. मराठी वाचकाला सप्तकातल्या बावीस श्रुती, म्हणजे सूक्ष्म स्वर आठवतील. दक्षिणेत श्रुती म्हणजे आधार षड्ज (गाताना धरलेला ‘सा’), आपली ‘पट्टी’. कट्टै म्हणजे लाकडाचा तुकडा, पेटीची पट्टीच. दोन्हीकडे लोकांनी एकाच वस्तूवरून शब्द उचलला.

मोजणी अशी : पांढरी एक म्हणजे १ कट्टै, पांढरी दोन म्हणजे २, असं ७ पर्यंत. काळ्या पट्ट्या अर्ध्यांवर. दीड म्हणजे काळी एक, अडीच काळी दोन, साडेचार काळी तीन, साडेपाच काळी चार, साडेसहा काळी पाच. साडेतीन नसतंच, पांढरी तीन आणि चार यांच्यात काळी पट्टी नाही.

चूक इथेच होते. साडेपाच वाचून ‘काळी पाच’ लिहिलं जातं, आणि षड्ज पूर्ण एका स्वराने वर चढतो. त्यावर विसंबून कुणी पेटी धरली तर तार सप्तकात गाणाऱ्या बाईचा गळा ताणला जाईल. तुमच्या मजकुरात ‘काळी चार’ हवं. कर्नाटक संगीतात बायकांची पट्टी साधारण ५ ते ६ कट्टैच्या आसपास असते, त्यामुळे आकडाही पटण्यासारखा आहे.

प्रश्नकर्ता : काळी पाचच लिहिलं होतं! आता आणखी एक : ‘दुसऱ्या चरणात’ असं आहे. दुसरी ओळ ना?

२. नाही, दुसरा अंतरा. मराठीत चरण म्हणजे ओळ किंवा तिचा भाग. तिकडे ‘चरणम्’ म्हणजे अख्खं कडवं. ‘पल्लवी’ म्हणजे ध्रुवपद. चित्रपटगीतात बहुधा एक पल्लवी आणि दोन चरणं. अनुपल्लवी (पल्लवीनंतरचा भाग) असेलच असं नाही, नसली तर शोधत बसू नका.

३. ‘कच्चेरी’ दिसली तर कचेरी करू नका, ती मैफल. वाणीबाई लग्नाआधी स्टेट बँकेत नोकरीला होत्या, त्यामुळे वाक्य कचेरीतही खपून जाईल आणि चूक कुणाच्या लक्षात येणार नाही.

१. ‘जातीय पुरस्कार’ही बघा. तेलुगूत जातीय म्हणजे राष्ट्रीय. त्यांचे तीन राष्ट्रीय पुरस्कार : तमिळ ‘अपूर्व रागंगळ’, तेलुगू ‘शंकराभरणम्’ आणि ‘स्वातिकिरणम्’. मराठीत ‘तीन जातीय पुरस्कार’ छापून आलं तर खाली शंभर प्रतिक्रिया येतील, गाण्यावर एकही नाही.