सावंतवाडी की रत्नागिरी? म्हातारपणी कुठे राहावं

माडाखाली
मुंबईत 34 वर्षं नोकरी झाली. पुढच्या वैशाखात आम्ही दोघं कायमचे कोकणात येतोय. माहेर रत्नागिरी, सासर सावंतवाडी, दोन्हीकडे घर आहे. माझं मन सावंतवाडीत आहे. सकाळी मोती तलावाला एक फेरी, येताना गरम उसळ-पाव, आणि मग चितार आळीतून रमत गमत घरी. त्या आळीत लाकडी केळी, सीताफळं, फणस अजून दुकानाबाहेर मांडलेले दिसतात. लग्न झाल्यावर सासूबाईंनी मला पहिल्यांदा गंजिफा दाखवला तो तिथेच. दशावतारी गंजिफाचे 120 पत्ते, 10 अवतार, प्रत्येकाचे 12. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ही कला राजवाड्यात पुन्हा उभी केली नसती तर आज आळीचं नुसतं नाव उरलं असतं. रत्नागिरीची राम आळी माझ्या लहानपणची, पण आता तिथून धड चालताही येत नाही. माझं मत सावंतवाडी. तुमचं सांगा.

झाडगावकर
ताई, पटलं नाही. राम आळीत गर्दी आहे कारण तिथे गाव अजून बाजार करतं. आणि जुनेपणच हवं असेल तर टिळक आळीत जा. 1856 साली लोकमान्य जिथे जन्मले ते कौलारू घर आजही उभं आहे. खाण्याचं म्हणाल तर याच रत्नागिरीत सावरकरांनी 1 मे 1933 ला सर्व जातींच्या हिंदूंसाठी उपाहारगृह काढलं, वाढायला महार समाजातला माणूस ठेवला. ज्या काळात कुणी कुणाच्या हातचं पाणी पीत नव्हतं त्या काळात! गावाच्या खानावळींचा इतिहास सांगताना मी चवीआधी हे सांगतो. शिवाय इथे जिल्ह्याचं सिव्हिल आहे, 2023 पासून सरकारी मेडिकल कॉलेजही. उतारवयात हे आधी बघायचं.

बांद्याचो
माका वायच बोलूचा आसा. माझ्या बापाशीक लकव्याचो झटको इलो तेव्हा सावंतवाडीसून थेट बांबोळेक, गोंयच्या सरकारी मेडिकल कॉलेजात व्हेलो. साठेक किलोमीटर. झाराप-पत्रादेवी बायपासान गाडी सुसाट गेली, पर्वरेक मात्र रांगेत अडाकली. बाप वाचलो, आज काठी घेवन बाजारात जाता. बांबोळेच्या डॉक्टरांचे उपकार मी इसराचंय नाय. पण 1 जानेवारी 2018 पासून गोंय सरकारान भायल्या पेशंटांक पैसे लावले, तेव्हा आमका कळला की आपण दुसऱ्याच्या दारात उभे आसव. आमच्या सावंतवाडीतल्या मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटलाचा भूमिपूजन झाला, पुढे काय नाय. ताईनू, तळ्याची फेरी बरी, पण रातीचे दोन वाजता तळा उपयोगी पडाचा नाय.

झाडगावकर
हेच तर म्हणतोय.

सिस्टर (निवृत्त)
झाडगावकर, तुमचंही अर्धंच खरं. मी कोकणात 29 वर्षं वॉर्डात काढली. रत्नागिरीतून गंभीर पेशंट कोल्हापूरला पाठवताना आंबा घाटात किती रात्री गेल्या ते मला विचारा. अंतर 130 किलोमीटरच्या आसपास, आणि पावसात घाट कधी साथ देईल सांगता येत नाही. लकव्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून, रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच. तेव्हा हॉस्पिटल किती मोठं हे विचारू नका. मध्यरात्री स्कॅन होतो का, तो बघणारा डॉक्टर हजर असतो का, ते विचारा. त्या हिशेबाने सावंतवाडीहून ओरोसचं सिंधुदुर्ग जिल्हा रुग्णालयही फार लांब नाही, 2021 पासून तिथे मेडिकल कॉलेज आहे. ताई, तुम्हा दोघांच्या तब्येती कशा आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत.

माडाखाली
लिहायला हवं होतं. यांना दोन स्टेंट आहेत. मी चितार आळीबद्दल इतकं लिहिलं आणि हेच राहिलं. तरी एक सांगते, डॉक्टरांनी यांना रोज चालायला सांगितलंय, आणि मुंबईत हे चालत नाहीत. सावंतवाडीला गेलो की तळ्याला दोन फेऱ्या मारतात, तेही न सांगता. तब्येतीच्या हिशेबात हे धरायचं नाही का?

सिस्टर (निवृत्त)
धरायचं, नक्की धरायचं. पण स्टेंट आहेत तर रात्री अँजिओप्लास्टी कुठे होते ते आधी विचारून ठेवा, सावंतवाडीहूनही आणि रत्नागिरीहूनही. जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची चिठ्ठी एका पिशवीत, दाराजवळ. आणि मुंबईतलं घर लगेच विकू नका.

बांद्याचो
आणि वैशाखात कित्याक येतास? आषाढात येवा. लाइट नाय, रस्त्यार पाणी, तेव्हा म्हयनाभर रवान बघा. उसळ-पाव तेव्हाय गरमच गावता.

झाडगावकर
आषाढात एक महिना रत्नागिरीतही राहा, ताई. राम आळीतून मी तुम्हाला चालत नेतो, सकाळी सातला, गर्दीच्या आधी.