मार्क एलाच्या २५ कसोट्या ग्रेगनच्या १३९ वर भारी आहेत का?

कूजीकर (धागाकर्ता)

२०२७चा रग्बी विश्वचषक ऑस्ट्रेलियात आहे, त्यामुळे इथे सिडनीत 'सर्वकालीन वॉलबीज'च्या (वॉलबीज म्हणजे ऑस्ट्रेलियाचा रग्बी संघ) याद्या करायला जोर आलाय. आमच्या ऑफिसात झालेल्या यादीत जॉर्ज ग्रेगन दुसरा आणि मार्क एला थेट नववा. कारण काय, तर एला फक्त २५ कसोट्या खेळला. माझ्या मते एला पहिला. का, ते सांगतो, मग तुटून पडा.

एला १९८० ते १९८४ फ्लाय-हाफ म्हणून खेळला, म्हणजे चेंडू घेऊन आक्रमण चालवणारा. त्याच्या आधीचे फ्लाय-हाफ स्क्रमपासून (दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू भिडून ढकलतात तो घोळका) लांब, खोल उभे राहून आधी किक मारायचा विचार करत. हा पठ्ठ्या बचावफळीच्या अगदी तोंडावर, जवळजवळ सरळ रेषेत उभा राहायचा. चेंडू हातात आला की क्षणात पुढच्याला, आणि पास देऊन थांबायचा नाही. मागून वळसा घालून पुन्हा आधाराला हजर, म्हणजे एकाच चालीत चेंडू दोनदा त्याच्या हातात. रँडविक क्लबात बॉब ड्वायरच्या हाताखाली हे मुरलं होतं. जुळा भाऊ ग्लेन आणि धाकटा गॅरी सोबतीला, ते दोघेही पुढे देशाकडून खेळले.

१९८४च्या ब्रिटन-आयर्लंड दौऱ्यात ऑस्ट्रेलियाने इंग्लंड, आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड या चौघांना हरवलं. असा ग्रँड स्लॅम ऑस्ट्रेलियाने त्याआधी कधी केला नव्हता. आणि एलाने चारही कसोट्यांत ट्राय (गोललाइनपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) केला. चारही! त्यानंतर वयाच्या २५व्या वर्षी निवृत्त.

आज जगातली कुठलीही मोठी टीम आक्रमण करताना बघा, फ्लाय-हाफ कुठे उभा असतो ते बघा. एवढं पुरेसं आहे.

स्क्रमहाफ

नाही पटलं. पाच वर्षं बहरात खेळून निघून जाणं आणि चौदा वर्षं रोज मार खात उभं राहणं यात तुम्ही पहिल्याला वर ठेवताय.

ग्रेगन स्क्रम-हाफ, म्हणजे स्क्रममधून चेंडू काढून फ्लाय-हाफला देणारा. त्याचं एक दृश्य आठवा. ऑगस्ट १९९४, सिडनी फुटबॉल स्टेडियम, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधला ब्लेडिस्लो चषक. ऑस्ट्रेलिया २०-१६ने पुढे, सामना संपत आलाय. न्यूझीलंडचा जेफ विल्सन उजव्या बाजूने एकेकाला चकवत गोललाइनवर झेपावतो, हवेत आहे, आता फक्त चेंडू टेकवायचाय. आणि बाजूने २१ वर्षांचा ग्रेगन येऊन असा आदळतो की चेंडू हातातून निसटतो. ट्राय नाही, ऑस्ट्रेलिया जिंकलं. आकाराने तिथल्या सगळ्यात लहान खेळाडूंपैकी एक होता तो.

तिथपासून २००७पर्यंत. १९९९चा विश्वचषक जिंकला, २००१ची लायन्सविरुद्धची (ब्रिटन-आयर्लंडचा संयुक्त संघ) मालिका जिंकली, ५९ कसोट्यांत कप्तानी. १३९ कसोट्यांचा त्याचा जागतिक विक्रम २०१४ साली ब्रायन ओ'ड्रिस्कॉलने मोडला, आणि ऑस्ट्रेलियातला विक्रम मोडायला जेम्स स्लिपरला २०२४ उजाडावं लागलं. शरीर, डोकं, जागा तिन्ही टिकवणं हे कौशल्य नाही का?

आकडेमोड

दोघांनाही एक आठवण. रग्बी युनियन ऑगस्ट १९९५पर्यंत हौशी खेळ होता, म्हणजे खेळण्याचे पैसे नाहीत. एला पाच वर्षांत २५ कसोट्या खेळला, वर्षाला पाच. ग्रेगन १४ वर्षांत १३९, वर्षाला जवळपास दहा. व्यावसायिक झाल्यावर कसोट्यांची संख्याच वाढली. दोन काळांतल्या कसोट्या नुसत्या मोजून उपयोग नाही. वॉलबीजच्याच डेव्हिड कँपीसीने १९८२ ते १९९६ अशी पंधरा वर्षं काढली तेव्हा कुठे १०१ झाल्या.

नीलिमा_मेलबर्न

वर्षाला किती सामने हा भाग झालाच, पण एला का थांबला हे कुणी लिहितच नाहीये. सिडनीतल्या ला पेरूसच्या वस्तीतलं आदिवासी कुटुंब, १२ भावंडं, छोटंसं घर. त्याच घरातली बहीण मार्सिया नेटबॉलमध्ये ऑस्ट्रेलियाकडून खेळली, म्हणजे एका घरातून देशाला चार खेळाडू. मार्क ऑस्ट्रेलियाच्या रग्बी संघाचा पहिला आदिवासी कप्तान. आणि १९८४ साली नवे प्रशिक्षक अ‍ॅलन जोन्स आले, त्यांनी कप्तानी काढून अँड्र्यू स्लॅककडे दिली.

ज्या दौऱ्यात कप्तानी नव्हती त्याच दौऱ्यात माणसाने चार कसोट्यांत चार ट्राय केले. मला यात त्याची पातळी दिसते. पगार नाही, वर्षातले कितीतरी महिने दौऱ्यावर, पोट भरायला वेगळी नोकरी. 'टिकला नाही' हा शब्द अशा माणसाला लावताना जरा थांबावं. मी एलाला पहिला म्हणणार नाही, पण कारण कसोट्यांची संख्या नाही. तो ज्या जागी खेळला त्या जागी स्टीफन लार्कम मला जास्त पूर्ण खेळाडू वाटतो. १९९९च्या उपांत्य सामन्यात जादा वेळेत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याने अर्ध्या मैदानाजवळून मारलेला ड्रॉप गोल (चेंडू जमिनीवर टेकवून उसळताच खांबांमध्ये मारलेली किक) बघा, तेही दुखऱ्या गुडघ्याने.

शिवाजीपार्क

रग्बीतलं मला फार कळत नाही, पण हा वाद ओळखीचा वाटतो. आपल्याकडे कांबळीच्या १७ कसोट्या आणि ५४ची सरासरी काढून कुणी त्याला तेंडुलकरच्या वर बसवलं तर आपण ऐकून घेऊ का? 'राहिला असता तर' यावर क्रमवारी लागत नाही.

कूजीकर

शिवाजीपार्क, तुमचा मुद्दा 'राहिला असता तर'चा आहे. माझा मुद्दा 'गेल्यावर काय राहिलं' हा आहे. एला पुढे काय करू शकला असता यावर मी एक शब्द लिहिलेला नाही. आणि कांबळीला संघातून वगळलं गेलं, एला स्वतःहून गेला, तेही सगळ्यात उंच जागी असताना. दोन्ही गोष्टी एका मापात बसत नाहीत.

स्क्रमहाफ, तो टॅकल मलाही पाठ आहे, इथे टीव्हीवर अजून दाखवतात. पण टिकण्याची दुसरी बाजू बघा. ख्रिस व्हिटेकर हा उत्तम स्क्रम-हाफ वर्षानुवर्षं बाकावर बसून राहिला. त्याच्या ३१ कसोट्यांपैकी बहुतेक बदली म्हणून. शेवटच्या दोन-तीन हंगामांत ग्रेगनचा पास मंदावला होता, हे तेव्हा त्याच्याच ब्रम्बीज संघाचे चाहतेसुद्धा बोलत. २००७ला मार्सेयमध्ये इंग्लंडकडून १२-१०ने हरून त्याची कारकीर्द संपली, तोवर पुढचा स्क्रम-हाफ तयारच झालेला नव्हता.

स्क्रमहाफ

व्हिटेकर बाकावर बसला कारण समोरचा जास्त चांगला होता. ऑस्ट्रेलियाचा तेव्हाचा एडी जोन्ससारखा कडक प्रशिक्षक भावनेने संघ निवडत नसतो. २००३ची उपांत्य फेरी काढा. न्यूझीलंड हॉट फेव्हरिट, ऑस्ट्रेलिया २२-१०ने जिंकलं, आणि अख्खा सामना ग्रेगनने चालवला. अंतिम सामना इंग्लंडने नेला, १०० मिनिटांच्या खेळात शेवटच्या अर्ध्या मिनिटात विल्किन्सनच्या ड्रॉप गोलवर. त्या पराभवानंतर घरी बसायला कुणी हरकत घेतली नसती. तो आणखी चार वर्षं खेळला. मुलाला अपस्माराचा त्रास आहे हे कळल्यावर बायकोसोबत संस्था काढून इस्पितळांत मुलांसाठी खेळाच्या जागा बांधल्या, तेही कप्तान असतानाच.

उंचमाणूस

जॉन ईल्सचं नाव अजून कुणी घेतलं नाही? दोन मीटर उंचीचा लॉक (स्क्रमच्या दुसऱ्या रांगेतला धिप्पाड खेळाडू), दोन विश्वचषक, ५५ कसोट्यांत कप्तान, आणि वर किकसुद्धा मारायचा. २०००साली वेलिंग्टनला शेवटच्या क्षणी पेनल्टी मारून २४-२३ने ब्लेडिस्लो चषक राखला. लॉक खेळाडू पेनल्टी मारतोय, यातच सगळं आलं. पहिला तोच. तुम्ही दुसऱ्या क्रमांकासाठी भांडा.

कूजीकर

ईल्सबद्दल मला काही बोलायचं नाही, त्याला पहिला म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. आमच्या ऑफिसच्या यादीतही तोच वर आहे. माझं भांडण नववा क्रमांक देणाऱ्यांशी आहे.

आणि एडी जोन्सचं नाव निघालंच आहे तर: तो मॅट्राव्हिल हायस्कूलमध्ये एला भावांसोबत शिकला, रँडविककडून त्यांच्यासोबत खेळला. ब्रम्बीजचा प्रशिक्षक असताना ग्रेगन-लार्कम जोडीला घेऊन तो जे खेळवायचा, लार्कम बचावाच्या तोंडावर उभा, आजूबाजूने धावत येणारे खेळाडू, ते त्याने लहानपणापासून पाहिलेलं होतं.

स्क्रमहाफ

मग श्रेय शाळेला द्या, ड्वायरला द्या. एक खेळाडू म्हणजे सगळी परंपरा नव्हे.

बरं, माझा खरा आक्षेप लिहितो. १३ जून १९८७. पहिला विश्वचषक, उपांत्य सामना, काँकर्ड ओव्हल, सिडनी. फ्रान्सने शेवटच्या क्षणी ब्लांकोच्या ट्रायवर ३०-२४ने ऑस्ट्रेलियाला बाहेर काढलं. सामना एलाच्या शहरात होता आणि एला २८ वर्षांचा होता. त्या दिवशी तो मैदानात नव्हता. ग्रेगन असता तर मैदानात असता. मी ऑस्ट्रेलियाचा संघ निवडायला बसलो तर मला हे विसरता येत नाही.

नीलिमा_मेलबर्न

तेव्हा प्रशिक्षक अ‍ॅलन जोन्सच होते, स्क्रमहाफ. हेही विसरू नका.

कूजीकर

काँकर्ड ओव्हलचा मुद्दा जड आहे, तो उडवून लावणार नाही. त्याला उत्तर म्हणून १९९१ सांगतो. प्रशिक्षक बॉब ड्वायर. कप्तान निक फार-जोन्स, ज्याने १९८४च्या ग्रँड स्लॅममध्ये पहिली कसोटी खेळली आणि पहिल्या चारही कसोट्यांत पास दिले ते एलाला. फ्लाय-हाफ मायकल लायना, जो त्या दौऱ्यात एलाच्या बाहेर सेंटरला उभा होता. सोबत पॉइडविन आणि कँपीसी, दोघेही १९८४चेच.

डब्लिनला आयर्लंडविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत हे लोक १८-१५ने मागे पडले. फार-जोन्स जखमी होऊन बाहेर, कप्तानी लायनाकडे. सोपी पेनल्टी किंवा ड्रॉप गोल शोधत बसले नाहीत. चेंडू हातोहात बाहेर फिरवला, कँपीसीला कोपऱ्याजवळ पकडलं, त्याने सोडलेला चेंडू उचलायला आधाराला कोण होतं? स्वतः लायना, चाल सुरू करून वळसा घेऊन आलेला. १९-१८. दोन आठवड्यांनी ट्विकनमला इंग्लंडला १२-६ने हरवून विश्वचषक.

तो वळसा लायनाने कुणाच्या शेजारी उभा राहून पाहिला होता, ते १९८४च्या चार सामन्यांत दिसतं. आज रात्री ते सामने पुन्हा लावा, स्क्रमहाफ, आणि मग दुसरा क्रमांक कुणाला ते लिहा.

स्क्रमहाफ

लावतो. पण ग्रेगन नवव्यावर जाणार नाही हे आत्ताच सांगून ठेवतो.